काठावरचं रोप जगवायचं कसं : ओढ्याकाठच्या झाडांची पहिली तीन वर्षं

ओढ्यात घोटाभर पाणी होतं आणि तिथून चार हातांवर, काठाच्या उतारावर, अर्जुनाचं रोप वाळून काडी झालं होतं. पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट. "पाण्याशेजारचं झाड, त्याला कशाला घालायचं पाणी?" असं म्हणून आम्ही त्या काठाकडे बादली घेऊन फिरकलोच नव्हतो. उपटून पाहिलं तर मुळांचा गड्डा अजून पिशवीच्याच आकाराचा. मूळ वीतभर खाली आणि ओल पार कमरेइतकी खाली. मधल्या कोरड्या मातीतून ते बिचारं रोप पोचणार कसं?

तेव्हापासून एक गोष्ट पक्की डोक्यात आहे. काठावरचं रोप म्हणजे पाण्याजवळचं रोप नव्हे. देशावरचा आणि मावळातला ओढा रोपाला वर्षातून दोनदा मारायला बघतो. जुलै-ऑगस्टात बुडवून, एप्रिल-मेमध्ये तहानेनं. पुढचं सगळं काम या दोन माऱ्यांतून रोप काढण्याचं आहे, आणि ते तीन पावसाळे नि तीन उन्हाळे चालतं. लागवडीच्या दिवशी फोटो काढायला तीस माणसं असतात. मे महिन्यात बादली उचलायला दोन उरतात. हे आधीच धरून चाला आणि दोन माणसांना झेपतील तेवढीच रोपं लावा.

आधी पुराची रेघ बघा

काठावर सगळीकडे सारखी निगा चालत नाही. ओढ्याच्या कडेनं एकदा नुसतं फिरा आणि मान वर करून जुन्या करंजांच्या, बाभळींच्या फांद्या बघा. वाळकं गवत, चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या जिथे अडकलेल्या दिसतात तिथवर पाणी येऊन गेलेलं असतं. ही पुराची रेघ. रेघेच्या खालची रोपं एक जात, वरची दुसरी, असं समजा.

अगदी पाण्याच्या कडेला जगतं ते लवचीक, आडवं होऊन पुन्हा उभं राहणारं: वाळुंज, शेरणी, वाळा. रेघेच्या आतल्या उतारावर करंज, उंबर, अर्जुन, जांभूळ, निरगुडी. रेघेच्या वर माथ्यावर आंबा, चिंच, कडुनिंब चालतात. तुमच्या आधीच्या कुणी रेघेखाली आंबा लावून ठेवला असेल तर पहिल्याच मोसमात तो वर हलवा, नाहीतर सोडून द्या. त्याच्यावर तीन वर्षं पाणी घालण्यात अर्थ नाही.

प्रत्येक रोपाशेजारी छातीइतकी काठी रोवून तिच्या टोकाला रंगीत चिंधी बांधा. आमच्याकडे पहिल्या वर्षी पुरात गेली त्याहून जास्त रोपं गवत कापताना गेली. कापणारी माणसं आमचीच होती. कमरेइतक्या गवतात हातभर जांभूळ दिसत नाही, विळा सप्पकन फिरतो आणि बाईंना कळतही नाही.

मृगापासून पोळ्यापर्यंत

७ जूनच्या आसपास मृग लागतं. पहिला मोठा लोंढा येण्याआधी रेघेच्या आत जे जे पाण्याला अडेल ते काढून घ्या. बांबूचे ट्री-गार्ड, हिरवी जाळी, ठिबकच्या नळ्या, पुरलेली मडकी, सगळं. ट्री-गार्ड रोपाचं रक्षण करतं हे माथ्यावर खरं. पुरात त्याच गार्डमध्ये पाला, काटक्या, प्लॅस्टिक अडकून त्याचा पडदा होतो, पाण्याचा सगळा जोर त्यावर येतो आणि गार्ड रोपाला मुळासकट घेऊन जातं. ओढ्याला आडवं कुंपण तर कधीच घालू नका. त्याचा बांध होतो आणि पाणी काठ फोडून दुसरीकडून निघतं. कुंपण काठाला समांतर, माथ्यावर.

आधाराची काठी रोपाच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला. मग लोंढा आणि त्यातली लाकडं आधी काठीला धडकतात, आणि रोप काठीवर घासण्याऐवजी तिच्यापासून दूर झुकतं. बांधायला तार किंवा नायलॉनची दोरी नको, जुन्या सुती साडीची दोन बोटं रुंद पट्टी घ्या. खोड आणि काठी यांच्यामध्ये इंग्रजी आठासारखा पिळा द्या. रोप थोडं हललं पाहिजे, हलल्याशिवाय खोड जाड होत नाही. गाठ वर्षातून तीनदा सोडून सैल करायची. विसरलात तर पट्टी सालीत रुतते आणि पुढे तिथेच खोड मोडतं.

पावसाळ्यात रेघेच्या आत कुदळ आणि खुरपं बंद. भुसभुशीत केलेली माती पहिल्याच पुरात वाहून जाते आणि रोप मुळांवर लोंबकळतं. तण विळ्यानं कापायचं, तेही रोपाभोवती हातभर गोलात. बाकीचं गवत राहू द्या. काठ धरून ठेवण्याचं काम रोप मोठं होईपर्यंत तेच करणार आहे. 'साफसफाई' म्हणून काठ तासून चकाचक करणाऱ्यांना हात जोडून थांबवावं लागतं.

याला अपवाद घाणेरी, बेशरम आणि सुबाभळीचा. घाणेरी माती ओली असतानाच, फळं धरायच्या आत, खोडाच्या गड्ड्यासकट उपटावी. नुसती छाटली तर दुप्पट फुटते. पण सगळा काठ एका दिवसात मोकळा करू नका. एक पट्टा काढा, तिथे गवत धरू द्या, मग पुढचा. बेशरमचा तुकडा ओल्या जागी पडला की रुजतो, म्हणून तोडलेलं सगळं पाण्यापासून लांब नेऊन वाळवा. तोडून ओढ्यात ढकलून दिलं तर खालच्या गावाला तुम्ही बेशरम लावून दिली असं समजा. तणनाशक पाण्याच्या कडेला मारायचंच नाही. तिथं मारलेलं औषध सरळ बेडकांच्या पिल्लांपर्यंत आणि गुरांच्या पाणवठ्यापर्यंत जातं.

पूर ओसरला की

आमच्या अनुभवात रोपाचा जीव जातो तो पूर येताना कमी, ओसरल्यानंतरच्या आठवड्यात जास्त. दुर्लक्षानं. पाणी उतरलं की दोन दिवसांत फेरी मारा. पण वर डोंगरात अंधारून आलं असेल तर पात्रात पाय टाकू नका. आपल्या डोक्यावर ऊन असताना वरून लोंढा येतो. हातात काठी, पायात गमबूट हवेत. पुरानं साप बिळातून वर आलेले असतात आणि फुरसं गवतात पटकन दिसत नाही.

प्रत्येक रोपाशी थांबून हे क्रमानं करा. आधी वरच्या अंगाला अडकलेला कचरा काढा. मग खोडाशी गाळ किती साचलाय ते बघा. हाताची बोटं खोडालगत खाली घाला आणि जिथून मुळं फुटतात ती गाठ शोधा. तिच्यावर चार बोटांपेक्षा जास्त गाळ असेल तर हातानंच उकरून बाजूला सारा. वरच्या मुळांना हवा लागते, गाळाच्या थरानं ती कोंडते. पानं महिनाभर हिरवी राहतात, मग एकदम पिवळी पडतात, आणि तोवर आपण पूर विसरलेले असतो. उंबर, करंज आणि वाळुंज त्यातल्या त्यात सोशीक. वाळुंज तर गाळात गाडलेल्या खोडाला नवी मुळं सोडतं. जांभळाच्या बाबतीत मात्र चालढकल नको.

मुळं उघडी पडली असतील तर भोवती ओली माती भरा, पायानं हलकी दाबा आणि वरच्या अंगाला दोन-तीन चपटे दगड एकमेकांत गुंतवून बसवा. आडवं झालेलं रोप एका झटक्यात सरळ ओढू नका, आतली मुळं तुटल्याचा आवाज हाताला जाणवतो. ज्या बाजूला उचलायचंय त्या बाजूची माती ओली असतानाच थोडी सैल करा, अर्धं उचला, बांधा. उरलेलं आठ-दहा दिवसांनी. वाळुंज आणि निरगुडी आडवी झाली तर तशीच सोडा, त्या फांद्यांतून नवे कोंब उभे येतात.

काळ्या मातीच्या भागात एक काम पुढे ढकलता येत नाही. साचलेला काळा गाळ ऑक्टोबरात वाळला की त्याला भेगा पडतात, बोट जाईल एवढ्या. त्या भेगा कोवळी मुळं तोडतात आणि खालची ओलही उडवून लावतात. भेग दिसली की वरची माती मोडून बुजवायची. दर पंधरा दिवसांनी पुन्हा.

नांग्या कधी भरायच्या

नांग्या म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा. त्या भरायला सगळे सांगतात पुढच्या जूनमध्ये. माथ्यावर ते बरोबर. रेघेच्या आत मी पोळ्यानंतर भरतो. मोठे पूर बहुतेक येऊन गेलेले असतात, जमिनीत ओल असते, अधूनमधून पाऊस असतो आणि रोपाला पुढचा पूर येण्याआधी नऊ-दहा महिने मूळ धरायला मिळतात. एवढंच की दसऱ्यापासून त्याला पाणी घालायची तयारी पाहिजे.

पिशवी फाडल्यावर तळाशी गोल गोल फिरलेली मुळं असतील तर ती विळ्यानं कापून टाका. जीव घाबरतो, पण न कापलेलं मूळ जमिनीतही तसंच गोल फिरत राहतं. त्या वाळलेल्या अर्जुनाचं हेच झालं होतं.

जिथे तेच रोप दोनदा गेलं तिथे जात बदला, हट्ट नको. शेळ्यांच्या वाटेवरच्या जागी करंज किंवा निरगुडी, त्यांचा पाला शेळ्या सहसा तोंडात घेत नाहीत. बाहेरची ओळ या दोघांची ठेवली तर आतल्या जांभळांना आपोआप आडोसा होतो. उंबराचं आणखी एक आहे. दत्ताचं झाड म्हणून त्याला कुणी कुऱ्हाड लावत नाही. गावात लावताना हाही विचार करावाच लागतो.

हस्त सरला की आळं आणि आच्छादन

पावसाळ्यात उतारावर पूर्ण गोल आळं करू नये. पाणी तुंबून काठ मऊ होतो आणि ढासळतो. तेव्हा खालच्या अंगाला फक्त मातीची चंद्रकोर असावी, तीही रेघेच्या वरच. हस्ताचा पाऊस संपला, म्हणजे ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडला, की ती चंद्रकोर जोडून गोल पूर्ण करा. आळं खोडाला चिकटून नको. पानांचा घेर जिथे संपतो तिथे त्याची कड यावी, आणि खोडाशी माती किंचित उंच, म्हणजे पाणी खोडाला टेकून राहत नाही.

याच वेळी रोपामागे एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड मातीत मिसळा. युरिया नको. काठावरचा युरिया रोपाला कमी आणि डोहातल्या शेवाळाला जास्त लागतो.

मग आच्छादन. वाळकं गवत, उसाचं पाचट, पाला, जे हाताशी असेल ते वीतभर जाडीचं घाला. खोडापासून चार बोटं जागा मोकळी सोडा. वाळवीचा भाग असेल तर गवताऐवजी दगड वापरा. आळ्यात चपटे दगड फरशीसारखे मांडले की त्यांच्याखालची माती मार्चपर्यंत गार राहते. मला स्वतःला दगडच जास्त भरवशाचे वाटतात, ते उडत नाहीत, पेटत नाहीत आणि गुरं खात नाहीत. फक्त दगड उचलताना बोटं खाली घालून उचलू नका, आधी काठीनं उलटा. विंचवालाही तीच गार जागा आवडते.

उन्हाळ्याचं पाणी

पाणी कधी घालायचं हे पंचांगावरून ठरवू नका. आळ्याच्या कडेला काठीनं वीतभर खड्डा करा आणि तळाची माती मुठीत दाबा. गोळा झाला तर थांबा, भुगा झाला तर पाणी द्या. तरीही पहिल्या उन्हाळ्यासाठी ढोबळ अंदाज हवा असेल तर मुरमाड जमिनीत चार-पाच दिवसांनी आणि काळ्या जमिनीत आठवड्यानं १० लिटर, म्हणजे एक मध्यम बादली. दुसऱ्या वर्षी १५ ते २० लिटर, पण दहा-बारा दिवसांनी. तिसऱ्या वर्षी फक्त मार्च ते मे, महिन्यातून एक-दोनदा, भरपूर. अंतर वाढवत न्यायचं आणि प्रत्येक वेळचं पाणी वाढवायचं, म्हणजे मूळ ओलीमागे खाली जातं. रोज तांब्याभर पाणी घातलेलं रोप लाडावलेल्या पोरासारखं वरच्या वरच मुळं पसरतं आणि आपण आठ दिवस गावाला गेलो की मान टाकतं.

रोपं थोडी आणि पाणी लांब असेल तर मडकी पुरा. रंग न दिलेलं, साधं मातीचं, पाच-सात लिटरचं मडकं. खोडापासून दीड वितीवर, उताराच्या वरच्या अंगाला, गळ्यापर्यंत गाडायचं. भरून तोंडावर चपटा दगड ठेवायचा, नाहीतर डास होतात आणि बेडूक पडून मरतात. पाणी भिंतीतून झिरपत राहतं. दुसऱ्या हंगामात मडकं झिरपेनासं झालं तर तळाशी बारीक भोक पाडून त्यात सुताची वात बसवा. ही मडकी मे अखेरीस वर काढून ठेवायची हे आधी लिहिलंच आहे.

पाणी सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर. ते आणायचं कुठून हा खरा प्रश्न. पात्रातल्या शेवटच्या डोहाला मोटर लावू नका. त्यात मासे आहेत, गुरं तिथे पाणी पितात आणि डोह आटला तर काठातली उरलीसुरली ओलही त्याच्यामागे खाली जाते. विहिरीवाल्याशी दिवाळीतच बोलून ठेवा, एप्रिलमध्ये कुणीच हो म्हणत नाही.

पानं झडून रोप नुसती काडी राहिलं तरी उपटण्याची घाई नको. नखानं साल खरवडा. खाली हिरवं दिसलं तर जीव आहे. वरून तपकिरी असेल तर खाली खाली खरवडत जा आणि हिरवं लागेल त्याच्या दोन बोटं वर छाटा. करंज, जांभूळ, अर्जुन बुंध्यातूनही फुटतात. निकाल जून संपल्यावरच द्यायचा.

शेळी, आग आणि जेसीबी

राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारनं चराईबंदी, कुऱ्हाडबंदी गावानं मिळून पाळली म्हणून तिथलं रान उभं राहिलं. आपल्या ओढ्यावर अख्खं गाव सोबत नसेल तर निदान ज्यांची गुरं तिथे येतात त्यांच्या ओट्यावर जाऊन बसा. आम्ही आधी कुंपण घातलं, ते रातोरात मोडलं. चिडून काही उपयोग नव्हता, कारण पाण्यावर जायची त्यांची वाटच आम्ही बंद केली होती. मग पाणवठ्याची एक वाट दहा पावलं रुंद मोकळी सोडली आणि दोन्ही बाजूंना बोराटी रचली. "गवत कापून न्या, फुकट, फक्त जनावर आत सोडू नका," असं ठरलं. शेळ्या राखणाऱ्या आजी म्हणाल्या, "आरं पोरा, काट्याला शेळी भेत न्हाई. शेणाचा काला शिंपड पाल्यावर, तोंड लावायची न्हाई." शेणकाला खरंच चालतो, मात्र पावसाची सर आली की पुन्हा शिंपडावा लागतो.

पाल्यावर अळ्या दिसल्या की लगेच फवारणी नको. एवढ्यातेवढ्या खाल्लेल्या पानानं रोप मरत नाही. शिवाय भंडारा-गडचिरोलीकडे असाल तर अर्जुनावरची जाडजूड हिरवी अळी टसर रेशमाची असू शकते, आणि तिच्यावर कुणाचं तरी घर चालतं.

आगीची तयारी जानेवारीत. शेताचा बांध पेटवायची सवय जाता जात नाही आणि काठावरचं वाळलेलं गवत नुसती ठिणगी मागत असतं. शेत आणि रोपं यांच्यामध्ये सहा-सात हात रुंद पट्टा खरवडून माती उघडी करा. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे दिवाळीनंतर गवत कापून नेऊ देणं, काठ्यांवरच्या चिंध्या तेव्हाच कामी येतात. रोप भाजलंच तर छाटू नका, पाणी चालू ठेवा आणि जूनपर्यंत वाट बघा.

आणि जेसीबी. खोलीकरणाचं यंत्र मे महिन्यात न सांगता येतं. दोन वर्षं जपलेली आमची एक अख्खी ओळ अशीच उपसलेल्या गाळाच्या ढिगाखाली गेली. चालवणारा म्हणाला, "दादा, मला तर गवतच दिसलं." त्याचं खोटं नव्हतं. तेव्हापासून ओळीच्या दोन्ही टोकांना चुन्यानं रंगवलेले मोठे दगड असतात, ग्रामपंचायतीत रोपांची यादी आणि जागेचा हातानं काढलेला नकाशा दिलेला असतो, आणि यंत्र गावात आल्याचं कळलं की आमच्यातला एक जण चहाची किटली घेऊन चालवणाऱ्याकडे जातो.

दुसऱ्या वर्षानंतर

दुसऱ्या दिवाळीनंतर आधाराची काठी सोडून बघा. रोप आपलं आपण उभं राहिलं तर काढून टाका, वाकलं तर अजून एक हंगाम. खालच्या फांद्या दोन वर्षं छाटू नका. रोप 'झाडासारखं' दिसावं म्हणून त्या कापायचा मोह सगळ्यांना होतो. त्याच फांद्या खोडाला सावली देतात आणि पुराचा जोरही तोडतात. दोन शेंडे फुटले असतील तर कमजोर तेवढा काढा. पाण्याच्या कडेचं वाळुंज आणि निरगुडी मात्र हिवाळ्यात गुडघ्याइतकी छाटली तरी चालतात, झुडूप दाट होतं. छाटलेल्या काड्या फेकू नका. हातभर लांबीच्या, बोटभर जाडीच्या काड्या तिरक्या कापून ओल्या कडेला दोन तृतीयांश आत खोचल्या की फुकटची रोपं तयार.

वर्षातून दोनदा, दसऱ्याला आणि मृगाच्या आधी, वही घेऊन मोजणी करा. जात, जागा, जिवंत की मेलं, आणि मेलं असेल तर कशानं: पूर, गाळ, तहान, शेळी, विळा, आग. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. आमच्या वहीत पहिल्या वर्षी त्यात विळा आणि तहान होती, दुसऱ्या वर्षी गाळ. तिसऱ्या वर्षी जेसीबी. या वर्षी एका उंबरापुढे 'खेकड्यानं बुंध्याशी बीळ केलं' असं लिहिलंय. त्या बिळात दगड ठोकून माती भरली आहे, आणि उंबर अजून उभा आहे.